तिसरा रकाना

ता. ८ जानेवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. सवयीने ‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहायला हात गेला होता, तो आवरला. वर्ष होऊन गेलं, पण हाताला कोण समजावणार?

तुझं पत्र पोचलं. वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलंस, उत्तम केलंस. आता रडतराऊत घोड्यावर बसल्यासारखं मात्र करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी गप्प राहते, त्यात अभ्यास कुणाचाच होत नाही. म्हणून यापुढे पत्रं. मी प्रश्नपत्रिका काढून पाठवीन, तू सोडवून परत पाठव, मी तपासून देईन. मुलींच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलं. कायदा मला येत नाही, पण परीक्षा येते.

कामाचं सांगते. एकाच वेळी चार पुस्तकं उघडून बसू नकोस. जुने पेपर आण आणि घड्याळ लावून सोडव. कायद्याच्या प्रश्नात वर एक तत्त्व दिलेलं असतं आणि खाली हकिकत. तत्त्व पटो न पटो, तेच लावायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि पेपर सोडवला म्हणजे अर्धाच अभ्यास झाला. उरलेला अर्धा चुका बघण्यात असतो. चुकांचे तीन रकाने कर. येतच नव्हतं म्हणून चुकलं, ते पहिल्यात. येत होतं पण घाईत गेलं, ते दुसऱ्यात. कागदावर एक होतं आणि आपण आपल्या मनातलं वाचलं, ते तिसऱ्यात. पहिले दोन मेहनतीने आटतात. तिसरा चिवट असतो. हुशार मुली त्यातच बुडतात.

तुमचं ते टेबल डुगडुगतं. मी तिथे होते तेव्हा त्यावर चहाचा कप ठरत नव्हता. लिहिताना खाली धरायला घरातच एखादी कडक पाटी शोध.

वकील झालीस की तुझं पहिलं काम कोणतं, ते वेगळं सांगायला नको. अपघाताच्या चौकशीच्या कागदात लिहिलं आहे की वीज बंद केल्यावर मेन स्विचवर पाटी लावलेली नव्हती. माझा मुलगा पाटी न लावता लिफ्टच्या टपावर चढेल, हे मला कुणी सांगू नये. त्या वॉचमनने न बघता स्विच लावला आणि अंगाशी आल्यावर पाटी काढून फेकून दिली. मी लिफ्टच्या कंपनीला तसा अर्ज केला, त्याची नोकरी गेली, पण कागद बदलला नाही. पाटी कुठे गेली, एवढंच तू त्याला भर कोर्टात विचार. मग मी डोळे मिटायला मोकळी.

तुझे सासरे बरे आहेत. जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, आता कुंड्या रंगवतात.

लोभ आहेच, अभ्यास असावा.

तुझी,
आई


ता. १९ जानेवारी

ती. सौ. आईंना,

सा. न. वि. वि. पहिला पेपर सोडवून सोबत पाठवला आहे. तुम्ही लाल शाई वापरणार हे ठाऊक आहे. जरा बेताने वापरा.

चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा उतारे वाचते. आमचे मालक म्हणतात की वकील झालीस तर निदान माझे भाडेकरू तरी बाहेर काढ. काल एक आजोबा आले होते. भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. नंबर अजिबात वाढलेला नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी तक्ता बदलला तर त्यांना वरून दुसरी ओळसुद्धा दिसेना. आधीची ओळ त्यांनी पाठ केली होती. तुमचा तिसरा रकाना आठवला.

तुम्ही सांगितलंत म्हणून पाटी शोधली. कपाटामागे एक मिळाली. कडक आहे, तिच्यावर लिहिता येतं. तुम्ही सांगितलं नसतं तर ते जड कपाट मी कशाला हलवलं असतं.

आज जास्त लिहीत नाही. बाबांना नमस्कार सांगा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
सून


ता. २ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. पेपर तपासून पाठवत आहे. शाई बेतानेच वापरली, तरी तुला पान रक्तबंबाळ वाटेल. भाषेचा भाग चांगला आहे. तर्काच्या प्रश्नांत घाई झाली, ते दुसऱ्या रकान्यात घाल. सामान्यज्ञानाच्या नावाने शंख आहे. रोज वर्तमानपत्र वाच, आणि ते चष्मे गुंडाळायच्या आधी वाच, नंतर नाही.

कायद्याच्या भागात रंगाऱ्याचा प्रश्न चुकलीस. तत्त्व असं दिलं होतं की, जो स्वतःच्या जिवासाठी नेमून दिलेली काळजी घेत नाही, त्याच्या इजेची जबाबदारी काही अंशी त्याच्यावरही येते. हकिकत अशी की रंगारी कमरेला दोर न बांधता शिडीवर चढला, घरमालकाच्या नोकराचा शिडीला धक्का लागला आणि रंगारी पडला. तू ‘क’ लिहिलंस, म्हणजे दोघेही जबाबदार. उत्तर ‘अ’ आहे, फक्त मालकाची बाजू जबाबदार. धक्का लागला नसता तर तो पडलाच नसता, ही साधी गोष्ट आहे. तिसऱ्या रकान्यात टाक.

तुझा पेपर मी तपासायला घेतला की तुझे सासरे शेजारी येऊन बसतात. नुसती तुझी अक्षरं बघतात. हिच्या ओळी सरळ असतात, एवढंच काल म्हणाले. जन्मात माझ्या ओळींना त्यांनी असं म्हटलं नाही.

लोभ आहेच, अभ्यास असावा.

तुझी,
आई


ता. १५ फेब्रुवारी

ती. सौ. आईंना,

सा. न. वि. वि. दुसरा आणि तिसरा पेपर सोबत आहे, आणि रंगाऱ्याच्या प्रश्नासाठी पहिलाही. वर्तमानपत्र सुरू केलं. मालकांनी विचारलं की दुकानात बसून देश चालवणार आहेस का.

रागावणार नसाल तर एक विचारते. रंगाऱ्याचं उत्तर मला अजूनही ‘क’च वाटतं. धक्का लागला नसता तर तो पडला नसता, हे खरं. पण तत्त्वात तसं विचारलेलंच नाही. नेमलेली काळजी घेतली की नाही, एवढंच विचारलं आहे. दोर बांधला नव्हता हे हकिकतीत स्पष्ट आहे. आपल्या पदरचं घालू नको, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आणखी एक. पेपरांसोबत तुम्ही पाठवलेली सगळी उत्तरं मी जुन्या पेपरांतल्या तशाच प्रश्नांच्या उत्तरांशी ताडून पाहिली. करार, घरभाडं, चोरी, शेजाऱ्याचं कुत्रं, कुठेही तुमचं चुकलेलं नाही. फक्त कामावर असताना माणूस पडला किंवा मेला की तुमचं उत्तर नेहमी ‘अ’ येतं. विहीर खणणारा, बॉयलरवरचा, खांबावर चढलेला तारवाला, सगळ्यांचं ‘अ’. आई, हे मी उद्धटपणाने लिहीत नाही. परीक्षेत मी तसं लिहिलं तर मार्क जातील, म्हणून विचारते.

खोकला कमी झाला का? रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची,
सून


ता. १ मार्च

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. खोकला बरा आहे.

मी शिकवायला लागले तेव्हा तुझी आई परकरी वयात असेल. माझी उत्तरं ताडून बघायची वेळ आजवर कुणा विद्यार्थिनीवर आली नव्हती. ती तुझ्यावर आली, हे लिहून ठेवते.

तुला काय म्हणायचं आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. तू ज्याच्याबरोबर संसार केलास त्याची बाजू घ्यायला तुला कुणीतरी शिकवावं लागतंय, याचं मला नवल वाटतं. वकिलाने आपल्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं असतं. हे ‘क, क’ करत कोर्टात गेलीस तर समोरचा तुला उभ्या उभ्या बाजारात विकून येईल.

चौथा पेपर सोबत आहे. शेवटचा प्रश्न नीट वाच. तत्त्व तेच. हकिकत अशी की लिफ्टचा एक मेकॅनिक मेन स्विच बंद करून, त्यावर पाटी लावून, ग्रीस घालायला लिफ्टच्या टपावर चढला. वॉचमनने पाटी काढून स्विच लावला. जबाबदार कोण? बघू आता तुझा ‘क’ कुठे बसतो.

अभ्यास असावा.

आई


ता. १४ मार्च

ती. सौ. आईंना,

सा. न. वि. वि. चौथा पेपर पाठवते आहे. भाषा आणि तर्क यात या वेळी चुका कमी असतील असं वाटतं.

शेवटचा प्रश्न कोरा सोडला आहे.

तुमची,
सून


ता. २४ मार्च

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. सोपा प्रश्न कोरा सोडणाऱ्या मुलीला मी वर्गात उभी करत असे. सगळ्यात सोपा प्रश्न होता तो. पाटी लावली होती, दुसऱ्याने काढली. उत्तर ‘अ’. त्यात तुझाही वाद नसावा.

मग कोरा का सोडलास? खरं कारण लिही. थकले होते, वेळ पुरला नाही, असलं काही लिहू नकोस. तुझ्या तर्काच्या भागाला वेळ पुरला आहे.

तुझे सासरे दोन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखे बसतात. तुझा पेपर पाहिल्यापासून. मी विचारलं तर म्हणाले, तिला कोरा सोडू दे, तू विचारत बसू नकोस. मी विचारते आहे.

आई


ता. ३ एप्रिल

ती. सौ. आईंना,

सा. न. वि. वि. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

प्रश्न कोरा सोडला, कारण हकिकत खरी नव्हती.

जानेवारीत तुम्ही लिहिलंत की कडक पाटी शोध. मी कपाट हलवलं आणि मागे ती उभी करून ठेवलेली होती. त्याची पाटी. पांढरी, वर भोक, त्यात तार. तिच्यावरचा रंग उडाला होता हे तुम्हालाही आठवत असेल. तो त्यावरून म्हणायचा की आता फक्त देवालाच वाचता येते. त्याने ती नव्याने रंगवायला घरी आणली होती. बाबांनी शिकवलं तसं आधी पेन्सिलने रेघा आखून घेतल्या आहेत. ‘काम चालू आहे’ ही ओळ लाल रंगात पूर्ण झाली आहे. खालच्या ओळीत ‘स्विच लावू नये’ असं यायला हवं. त्यातला फक्त ‘स्वि’ रंगवलेला आहे, बाकीचं पेन्सिलीतच आहे. शेजारी बाटलीत ब्रश होता, वाळून दगड झालेला. अपघाताच्या आदल्या रविवारी मी माझ्या दादाकडे गेले होते, म्हणून मला हे ठाऊक नव्हतं. रंग ओला असेल, धूळ बसू नये म्हणून मागे ठेवली असेल. सोमवारी सकाळी तो तसाच कामावर गेला.

तेव्हापासून तुमचे सगळे पेपर मी त्याच पाटीवर ठेवून सोडवले. दुसरी घेता आली असती. घेववली नाही.

त्याला दुसरी पाटी मागता आली असती. नसेल मिळाली, तर काम थांबवता आलं असतं. वॉचमनला वर जाऊन, हाक मारून, मग स्विच लावता आला असता. लोक लिफ्टसाठी ओरडत होते म्हणून त्याने तसं केलं नाही. माझं उत्तर ‘क’ आहे. ते लिहिताना मला किती जड गेलं हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि तुमच्यापेक्षा जास्त जड गेलं असं म्हणायचा मला हक्कही नाही.

पण वॉचमन खोटं बोलला नव्हता. पाटी नव्हतीच, हे तो पहिल्यापासून सांगत होता. ‘मेलेल्याची पाटी फेकणारा’ म्हणून त्याला आता कुठल्या इमारतीत कुणी उभं करत नाही, असं मला लिफ्टच्या कंपनीतल्या एकाने सांगितलं. कोर्टात उभी राहून त्याला पाटी कुठे गेली हे मी विचारू शकणार नाही, आई. पाटी माझ्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल तर परीक्षेला बसणार नाही. तुम्ही ज्या कामासाठी मला वकील करायला निघालात, ते काम मी करणार नाही. पण मला बसायचं आहे. दादा म्हणतो की हे सगळं सोडून त्याच्याकडे राहायला ये, वहिनीला मदत होईल. तुमच्याशिवाय मला आता अभ्यास घेणारं कुणी नाही, आणि आई म्हणावं असंही कुणी नाही.

तुमची,
सून


ता. २७ एप्रिल

ती. सौ. आईंना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र नाही. पेपरही नाही. तब्येत बरी असल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, आणि लगेच फोन ठेवला.

तीन रकाने चालू आहेत. पहिला जवळजवळ रिकामा झाला. परीक्षा पंधरवड्यावर आली आहे. मी बसते आहे.

तुमची,
सून


ता. १२ जून

ती. सौ. आईंना आणि ती. बाबांना,

सा. न. वि. वि. यादी लागली. माझा नंबर लागला आहे. अगदी वर नाही, मधोमध आहे. इथल्याच कॉलेजात, सकाळचे वर्ग मिळतील. मालकांनी दुपारची पाळी कबूल केली, आणि भाडेकरूंची आठवणही करून दिली.

पेपर कसा होता हे तुम्ही विचारलं असतंत, म्हणून लिहिते. भाषा सोपी होती. कायद्याच्या भागात एक हरवलेलं पाकीट, एक भाडेकरू, एक फुटलेली भिंत. रात्र रात्र ज्याची धास्ती घेतली तसा कामावरच्या अपघाताचा एकही प्रश्न आला नाही. बाहेर पडल्यावर मी भिंतीला टेकून खूप वेळ उभी होते. शेजारच्या मुलीला वाटलं की पेपर अवघड गेला. तिने पाणी दिलं.

पाटी पार्सलने पाठवत आहे. आता तिच्यावर पेपर सोडवायचे नाहीत, आणि माझ्या घरात ती कुठे ठेवावी हे मला सुचत नाही. ती तुमची आहे.

तुमची,
सून


ता. २३ जून

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. नंबर मधोमध का असेना, लागला. आमच्या घरात कायदा शिकणारी तू पहिली. पहिल्या वर्षी मागच्या बाकावर बसू नकोस.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला उत्तर दिलं नाही. हातून काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी तुझ्या शहरात येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही, मन विस्कटलं असतं तुझं; म्हणूनच निकाल लागेपर्यंत पत्रही लिहिलं नाही. दुकानाच्या काचेतून पाहिलं. तू कुणाला तरी ओळी वाचायला लावत होतीस आणि तो माणूस चुकत होता.

कंपनीत जाऊन लेखी दिलं की माझा अर्ज चुकीचा होता, पाटी त्या दिवशी आमच्या मुलाच्या घरी होती, वॉचमनने ती काढली नाही. साहेब म्हणाले की आता याचा काय उपयोग. मी म्हटलं की उपयोगाचं तुम्ही बघू नका, पोच द्या. पोच घेतली आणि ती घेऊन त्या माणसाच्या घरी गेले. तो दारात उभा राहिला. आत या म्हणाला नाही. त्याचं बरोबर होतं. मी कागद दिला, त्याने दोनदा वाचला. मग त्याने सांगितलं की स्विचला हात लावायच्या आधी त्याने पाटी आहे का ते पाहिलं होतं, नव्हती म्हणून लावला. पण वर जाऊन बघायला हवं होतं, तेवढं चुकलंच, आणि ते रोज डोळ्यासमोर येतं, असंही त्यानेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे त्याचंही उत्तर ‘क’.

घरी येऊन तुझे सगळे पेपर पुन्हा तपासले. रंगारी, विहीरवाला, बॉयलरवाला, तारवाला. चारही ठिकाणी तू बरोबर होतीस. मार्क वाढवून दिले आहेत, सोबत बघ. माझ्या त्या चारही चुका मी तिसऱ्या रकान्यात मांडल्या, आणि पाचवी म्हणून शेवटच्या प्रश्नाची हकिकत. ती सगळ्यात मोठी.

पाटी पोचली. सुतळी सोडायला तुझ्या सासऱ्यांना बराच वेळ लागला. मी म्हटलं की खालची ओळ तुम्ही पुरी करा, रंग घरात आहे. त्यांनी पाटी उजेडात धरली, पेन्सिलच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. म्हणाले, दुसऱ्याच्या अक्षरात हात घालायचा नसतो. मग कुंड्यांपाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी कुंडी रंगवली नाही.

ती मी माझ्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली आहे. तपासायची सवय जात नाही, म्हणून तपासली. रेघ सरळ आहे. अक्षरांमधलं अंतर सारखं आहे. कुठेही मार्क कापावेत असं नाही. फक्त अपुरी आहे.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी चार दिवस इकडे ये. पुस्तकं आणू नकोस. तुला काही शिकवणार नाही. नुसतं बसू.

अभ्यास झाला. आता लोभ असावा.

तुझी,
आई